कुलूप मजबूत, कडी सैल

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



मला दिलेला विषय आहे : संगणकावर हल्ला होतो, तो नेमका कोठून होतो? कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून काल चहाच्या वेळी काहींनी मला विचारले, "आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय? दोन जुने संगणक, एक प्रिंटर आणि महिनाअखेरीला रिकामे होणारे खाते." प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आपल्या कार्यालयातील संगणक डोळ्यांसमोर आणा. त्यात वसतिगृहातील मुलींची नावे, फोटो आणि गावे आहेत. कोणाला वडील नाहीत, कोणाच्या घरचे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले आहेत, हे आहे. दवाखान्याच्या यादीत सिकलसेलचे आणि क्षयरोगाचे रुग्ण आहेत. वनहक्क दाव्यांची कागदपत्रे स्कॅन करून ठेवलेली आहेत. बचत गटांच्या बायकांचे आधार क्रमांक आणि बँकेच्या पासबुकांच्या प्रती आहेत. एखाद्या मुलीला सिकलसेल आहे ही गोष्ट गावात फुटली, तर तिचे लग्न मोडू शकते. म्हणजे चोरण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त ते आपले नाही, त्या लोकांचे आहे. त्यांनी विश्वासाने ते आपल्याकडे ठेवायला दिले आहे.

सेवाभावी संस्थेवर कोण हल्ला करणार, असे वाटणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट सांगतो. इंटरनॅशनल कमिटी ऑफ द रेड क्रॉस ही जिनिव्हाची संस्था आपण सर्व जाणतो. युद्धात, महापुरात, स्थलांतरात ताटातूट झालेल्या कुटुंबांची पुन्हा भेट घडवणे हे तिच्या कामांपैकी एक. हरवलेली माणसे, तुरुंगातील कैदी, आईबापांपासून दुरावलेली मुले, यांच्या नोंदी जगभरातून तिच्याकडे येतात. दररोज सरासरी 12 हरवलेली माणसे या कामामुळे घरच्यांना भेटत होती. 18 जानेवारी 2022 रोजी त्यांच्या लक्षात आले की, या नोंदी असलेल्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरले आहे. 5 लाख 15 हजारांहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली होती. निदान 60 देशांतील रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांनी ती गोळा केली होती.

आता नीट ऐका, कारण आपल्याला शिकण्यासारखे सारे यापुढे आहे. चोर त्या दिवशी शिरला नव्हता. तो 9 नोव्हेंबर 2021 रोजी शिरला होता. सत्तर दिवस तो आत होता आणि काम रोजच्यासारखे चालू होते. तो शिरला कसा? लोकांचे पासवर्ड आणि ओळख तपासणाऱ्या एका प्रोग्राममध्ये दोष होता. त्या दोषाची दुरुस्ती बाजारात उपलब्ध झालेली होती, पण या सर्व्हरवर ती वेळेत बसवली गेली नाही. आणि माहिती तर सांकेतिक लिपीत बंद करून ठेवलेली होती, मग ती वाचता कशी आली? चोराने आत शिरल्यावर अधिकृत वापरकर्त्याचे, व्यवस्थापकाचे सोंग घेतले. ज्याच्या हाती किल्ली असते त्याच्यासाठी कुलूप आपोआप उघडते. कुलूप मजबूत होते. कडी सैल होती.

या संस्थेने ही गोष्ट लपवली नाही. दुरुस्ती वेळेत बसवली गेली नाही, हे तिने स्वतः जाहीर केले. हे तिच्या मोठेपणाचे लक्षण आहे. त्यामुळेच आज आपण त्यातून शिकू शकतो.

मित्रहो, हल्ले नाना तऱ्हेचे असतात, पण सैल कड्या त्याच त्याच असतात. आपल्या कामापुरत्या पाच सांगतो.

पहिली कडी, न केलेली दुरुस्ती. संगणकाचा प्रोग्राम माणसेच लिहितात आणि त्यात चुका राहतात. चूक सापडली की कंपनी ठिगळ पाठवते. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. पण ठिगळ जाहीर झाले की भोक कुठे आहे हे चोरालाही कळते. तेव्हापासून आपली आणि त्याची शर्यत सुरू होते. मार्च 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी असे एक ठिगळ दिले. 12 मे 2017 रोजी, म्हणजे दोन महिन्यांनी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायच्या आणि उघडून देण्यासाठी पैसे मागायचे, हे त्याचे काम. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील 236 पैकी 80 ट्रस्टना त्याची झळ बसली. रुग्णांच्या अंदाजे 19 हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. हा हल्ला रुग्णालयांना धरून केलेला नव्हता. जिथे भोक उघडे होते तिथे तो शिरला. गरीब संस्था म्हणून तो कोणाला सोडत नाही.

आपल्याकडे काय होते? तालुक्याच्या दुकानातून संगणक घेताना दुकानदार विंडोजची चोरटी प्रत फुकट टाकून देतो आणि वर सांगतो, "अपडेट बंद ठेवा, नाहीतर काळी स्क्रीन येईल." म्हणजे कडी सैलच ठेवा, असा सल्ला. काही केंद्रांवर अजून विंडोज 7 आहे. तिच्या दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 पासून बंद झाल्या. विंडोज 10 च्या नियमित मोफत दुरुस्त्याही 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. असे संगणक इंटरनेटला जोडून त्यांत मुलांच्या नोंदी ठेवणे म्हणजे कुडाची भिंत पडलेल्या खोलीत बियाणे साठवणे. नवा संगणक घेणे शक्य नसेल तर तो इंटरनेटपासून तोडा आणि पत्रे टाइप करण्यापुरता वापरा. लिनक्ससारखी मोफत आणि कायदेशीर प्रणालीही जुन्या यंत्रावर चालते. शाळेतील संगणक शिक्षकांना विचारा, ते बसवून देतील.

दुसरी कडी आपण स्वतः. चोराला भिंत फोडण्यापेक्षा दार वाजवणे सोपे जाते. "तुमचे खाते आज बंद होईल," असा संदेश येतो. लग्नपत्रिका म्हणून, सरकारी योजनेची यादी म्हणून व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल येते. पत्रिका कधी फोटो असते, कधी पीडीएफ असते. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये बसवायचा प्रोग्राम. तो बसला की आपल्याला येणारे ओटीपी दुसरा कोणी वाचू शकतो. अशा सर्व संदेशांत एक गोष्ट समान असते : घाई. आत्ताच करा, नाहीतर नुकसान होईल. त्यामुळे घाई दिसली की थांबायचे, ही सवय स्वतःला लावू आणि आपल्या मुलांनाही लावू.

पासवर्डचेही तसेच. संस्थेचे नाव आणि पुढे 123, हा पासवर्ड ओळखायला हुशारी लागत नाही. पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर तेवढीही लागत नाही. पाच जण एकच पासवर्ड वापरत असतील, तर पुढे काही झाल्यावर कोणी केले ते कधीच कळणार नाही आणि निर्दोष माणसावर संशय येईल. म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. पासवर्ड लांब हवा. चार साधे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द जोडले तरी चालतील. संस्थेच्या ईमेलला दुहेरी पडताळणी हवी, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी मोबाइलवरच्या दुसऱ्या खुणेशिवाय खाते उघडणार नाही. कार्यकर्ता काम सोडून गेला तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. त्यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. जाणारा माणूस कोठीच्या किल्ल्या परत करतोच ना?

तिसरी कडी, मधला निरोप्या. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेला विचारते, पैसे देऊ का? मधला स्विच हा निरोप नेतो आणि उत्तर आणतो. ऑगस्ट 2018 मध्ये चोरांनी या निरोप्याच्या जागी आपला खोटा निरोप्या उभा केला. तो बँकेपर्यंत जायचाच नाही, परस्पर "हो, द्या" म्हणायचा. 11 ऑगस्टला, शनिवारी, 28 देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. 13 तारखेला आणखी सुमारे 14 कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींच्या वर. खातेदारांचे पिन कोणी विचारले नव्हते. एटीएम यंत्रांनी चूक केली नव्हती. निरोप आणणाऱ्यावर त्यांचा भरवसा होता, एवढेच.

आपल्या कामात हा निरोप्या कोण? संचालकांचा फोटो लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश : "मी बैठकीत आहे, अमुक खात्यात ताबडतोब पैसे पाठवा," किंवा "मुलांची यादी या पत्त्यावर पाठवा." उपाय साधा आहे. निरोप ज्या वाटेने आला त्या वाटेने खात्री करायची नाही, दुसऱ्या वाटेने करायची. आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन लावा आणि आवाज ऐका. दाता संस्थेने बँक खाते बदलल्याचे कळवले, तरी हेच करा. आपले संचालक अशा फोनने रागावणार नाहीत. रागावले तर माझे नाव सांगा!

चौथी कडी, सगळे एकाच खोलीत. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर हल्ल्यामुळे बंद पडले. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक, आणि तिथे कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. कारण सांगताना सरकारने संसदेत म्हटले की, संगणकांच्या जाळ्याचे नीट वेगळे भाग पाडलेले नव्हते. भाताची कणगी, गुरांचा गोठा आणि चूल आपण एका आडोशाला ठेवत नाही, कारण एकाला आग लागली तर सारे जाते. इथेही तसेच. मुले खेळ खेळतात तो संगणक आणि हिशेबाचा संगणक वेगळे ठेवा. पाहुण्यांना कार्यालयाचे वायफाय देऊ नका. सर्व महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा आणि ती डिस्क संगणकाला जोडलेली ठेवू नका. जोडलेली प्रत मूळ फाईलबरोबरच कुलूपबंद होते. ती वेगळ्या इमारतीत, कपाटात ठेवा. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून फाईल उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

पाचव्या कडीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ती आपल्या लोकांच्या पोटाशी जोडलेली आहे. ती म्हणजे अंगठा.

पाड्यावर बँक मित्र लहानसे यंत्र घेऊन येतो. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. ज्या म्हाताऱ्या आजीला वीस किलोमीटर चालून बँकेत जाणे शक्य नाही, तिच्यासाठी ही मोठी सोय आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण या सोयीचा स्वभाव ओळखा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. ठसा चोरीला गेला तर बदलता येत नाही. देवाने बोटे दहाच दिली आहेत.

आणि ठसा चोरता येतो. 2018 साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. एका माणसाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्तऐवज उतरवून घेतले, त्यांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे बनवले आणि त्यांच्या आधारे हजारो सिमकार्डे चालू केली. त्याने सरकारचा कोणताही सर्व्हर फोडला नव्हता. कागद सर्वांसाठी उघडेच होते.

आता आपल्या कपाटातील लाभार्थी अर्ज आठवा. वर आधारची झेरॉक्स, खाली पासबुकाची झेरॉक्स आणि अर्जाच्या तळाशी निळ्या शाईतला अंगठा. पैसे काढायला लागणाऱ्या तिन्ही किल्ल्या आपण एकाच टाचणीने टोचून ठेवतो. मग तो गठ्ठा स्कॅन करतो, पेनड्राइव्हवर घालतो, झेरॉक्सच्या दुकानात नेतो आणि कधी व्हॉट्सअॅपच्या गटातही टाकतो. कोणाचे वाईट व्हावे म्हणून आपण हे करत नाही. वर्षानुवर्षांची पद्धत आहे म्हणून करतो. परंतु बिनतारी संदेशाचीही रेंज नसलेल्या पाड्यावरील बाईला खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस कधी मिळणार? पुढच्या वेळी पैसे काढायला गेल्यावर यंत्र शून्य दाखवील तेव्हाच तिला कळेल. मजुरीचे असोत की पेन्शनचे, ते पैसे तिच्या महिन्याच्या तांदळाचे असतात.

म्हणून माझी विनंती अशी. अंगठा घेतलेला कागद आणि आधारची प्रत वेगवेगळ्या फायलींत ठेवा. ठशाचा कागद स्कॅन करू नका. ज्यांना सही येते त्यांचा अंगठा घेऊ नका, आणि ज्यांना येत नाही त्यांना सही शिकवा. साक्षरतेच्या वर्गाला याहून चांगले कारण कोणते? आधारची प्रत खरोखर लागत असेल तर शेवटचे चार आकडेच दिसतील अशी झाकलेली प्रत घ्या. ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला आहे त्यांना बोटाच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय दाखवून द्या. गरज पडेल तेव्हा ते काही वेळापुरते उघडता येते. ज्यांचा मोबाइल जोडलेला नाही त्यांना आधार केंद्रावर घेऊन जा. आणि लोकांना सांगा : यंत्रावर अंगठा दिला की दर वेळी छापील पावती मागायची. "ठसा लागला नाही, पुन्हा द्या," असे म्हटले, तर आधीचा व्यवहार झाला नाही याची पावती मागून मगच दुसऱ्यांदा बोट ठेवायचे. फसवणूक झाली तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार करायची आणि बँकेतही लेखी द्यायची. तक्रारीला जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड. म्हणून प्रत्येक केंद्राच्या दारावर हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा.

कायद्याविषयी एकच वाक्य. ऑगस्ट 2023 मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आणि सर्वच माहितीसाठी योग्य सुरक्षा ही माहिती बाळगणाऱ्याची जबाबदारी ठरवली आहे. वसतिगृहे चालवणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक केंद्राने स्वतःला विचारावा : ही माहिती आपल्याला हवी आहे का? दहा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलीच्या आधारची प्रत आपण कशासाठी ठेवली आहे? दात्यांना पाठवायच्या अहवालात मुलाचे पूर्ण नाव, गाव आणि आजार का हवा? जी माहिती आपण घेतलीच नाही, ती चोरीला जात नाही. संगणकाच्या सुरक्षेचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. त्याला पैसा लागत नाही, फक्त कपाट आवरण्याची तयारी लागते. हिशेबासाठी आणि कायद्यासाठी जे ठेवावे लागते ते ठेवा. बाकीचे समितीच्या परवानगीने, नोंद करून, बारीक फाडून जाळा.

आणि सगळी काळजी घेऊनही चोरी झाली तर? तर लोकांना सांगा. रेड क्रॉसने तेच केले. फोन केले, पत्रे पाठवली, जाहीर घोषणा केल्या. काही ठिकाणी तर त्यांची माणसे दूरच्या वस्त्यांपर्यंत गेली आणि लोकांना समोर बसून सांगितले की, तुमची माहिती आमच्याकडून गेली आहे. लाज वाटण्यासारखी ती वाट होती, तरी ते चालून गेले. आपल्या लोकांनी वनखात्याचे, सावकाराचे, ठेकेदाराचे कागद पाहिले आहेत. कागदावर अंगठा दिला आणि जमीन गेली, हे त्यांच्या आजोबांनी सोसले आहे. तरीही आपण पुढे केलेल्या कागदावर ते अंगठा देतात. तो विश्वास सांभाळायचा असेल, तर परत गेल्यावर पहिल्या आठवड्यात एवढे करा : एक दिवस ठरवा, कार्यालयाचे दार लावून घ्या आणि सर्वांनी मिळून पाहा की, आपल्याकडे कोणाची कोणती माहिती आहे, ती कुठे आहे आणि तिची किल्ली कोणाकोणाकडे आहे. यादी वहीत लिहा. पुढच्या शिबिराला ती वही बरोबर आणा. आपण एकमेकांच्या कड्या तपासून पाहू.